नवी डिस्क, जुने पत्ते

लिनक्सच्या कॉम्प्युटरमधली जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवली, जुन्या डिस्कवरचे सगळे तिच्यावर उतरवले आणि मशीन सुरूच होईना, की पहिला संशय नव्या डिस्कवर जातो. बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. डिस्क धडधाकट असते, तिच्यावरचा डेटाही शाबूत असतो. जुन्या डिस्कचा ठावठिकाणा मात्र मशीनमध्ये अनेक ठिकाणी लिहून ठेवलेला असतो: मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, बूटलोडरच्या पोटात, कर्नेलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, जोडायच्या पार्टिशनांची यादी ठेवणाऱ्या एफएसटॅब नावाच्या फाइलीत. घर बदललेल्या माणसाला रेशनकार्ड, बँक आणि गॅस एजन्सी अशा साऱ्यांकडे स्वतंत्रपणे नवा पत्ता द्यावा लागतो. एकाकडे दिला म्हणून दुसऱ्याला तो कळत नाही. डिस्क बदलणाऱ्याचे काम त्याच जातीचे आहे.

बटण दाबल्यापासून लॉगिनची चौकट येईपर्यंत मशीनचा ताबा चार-पाच जणांच्या हाती जातो. आधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर जागे होते. जुन्या मशीनवर ते बायोस असते, गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मशीनवर यूईएफआय. फर्मवेअर बूटलोडर शोधते. लिनक्सवर तो बहुधा ग्रब असतो. ग्रब कर्नेल आणि त्याच्या जोडीला इनिटरॅमएफएस नावाची छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम मेमरीत चढवतो. तिच्यातल्या ड्रायव्हरांच्या मदतीने खरी मूळ फाइल सिस्टिम शोधून जोडली जाते. मग सिस्टमडी उरलेली पार्टिशने जोडून एकेक सेवा सुरू करते. यांतल्या प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याचा पत्ता ठाऊक असतो, आणि तोही आपापल्या पद्धतीने लिहिलेला. म्हणून दुरुस्तीला बसणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो असा की ताबा कुठपर्यंत पोचला. याचे उत्तर पडद्यावर असते. ते वाचायच्या आधीच मशीन पाच वेळा बंद-चालू करणारे पुष्कळ भेटतात, आणि नंतर 'काहीतरी इंग्रजीत आलं होतं' एवढेच सांगतात. आलेल्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणे ही या कामातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे.

'नो बूटेबल डिव्हाइस' असा संदेश आला किंवा मशीन थेट फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन थांबले, तर ताबा फर्मवेअरच्या पुढे गेलेलाच नाही. 'ग्रब' किंवा 'ग्रब रेस्क्यू' असा प्रॉम्प्ट दिसला तर फर्मवेअरने आपले काम केले आहे, ग्रब अडला आहे. कंसात 'इनिटरॅमएफएस' असा प्रॉम्प्ट आला तर कर्नेल चालू झाले, मूळ फाइल सिस्टिम तेवढी मिळाली नाही. 'इमर्जन्सी मोड' आला तर तीही मिळाली आणि अडचण एखाद्या दुय्यम पार्टिशनची आहे. पडदा नुसताच काळा राहिला, तर ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून कर्नेलच्या ओळीतले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द खोडावेत. ते संदेश झाकण्यासाठीच असतात. मेनू दिसत नसेल तर यूईएफआय मशीनवर एस्केप आणि बायोसवर शिफ्ट दाबून तो बहुधा बाहेर येतो.

फर्मवेअरला डिस्कच दिसत नसेल तर लिनक्सकडे वळण्यात अर्थ नाही. इथे घोटाळा होतो तो एम-डॉट-टू या आकाराने. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती एसएसडी दोन वेगळ्या भाषा बोलू शकते: साटा किंवा एनव्हीएमई. स्लॉट तोच, बसते तशीच, स्क्रूही लागतो, पण काही मदरबोर्डवरचा स्लॉट दोन्हींपैकी एकच भाषा समजतो. खोक्यावरचे नाव वाचून भागत नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेत त्या स्लॉटपुढे काय लिहिले आहे ते पाहावे लागते. त्याच पुस्तिकेत बारीक अक्षरांत आणखी एक गोष्ट सापडते. कित्येक बोर्डांवर एम-डॉट-टू स्लॉट वापरात आला की साटाचा एखादा पोर्ट बंद होतो. नवी डिस्क बसवल्याबरोबर जुनी गायब झाली तर ती मेली असे समजण्याआधी तिची केबल दुसऱ्या पोर्टात लावून पाहावी.

जुन्या मशीनची गोष्ट निराळी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही शहरातल्या तशा बाजारात ऑफिसांमधून निघालेले डेस्कटॉप मिळतात. त्यांत इंटेलच्या चौथ्या पिढीचे किंवा त्याहून जुने प्रोसेसर असले, तर पीसीआय एक्सप्रेसच्या कार्डावर एनव्हीएमई एसएसडी बसवण्याचा मोह होतो. लिनक्सला ती लगेच दिसते, कारण एनव्हीएमईचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये २०१२ सालापासून, म्हणजे ३.३ या आवृत्तीपासून आहे. लिनक्स इन्स्टॉलही बिनतक्रार होते. रीस्टार्ट केल्यावर मात्र फर्मवेअर बहुधा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही, कारण त्याच्याजवळ एनव्हीएमईचा ड्रायव्हरच नसतो. यावर उपाय आहे आणि तो भक्कम आहे: 'बूट' फोल्डर आणि यूईएफआय असेल तर बूटलोडर ठेवण्याचे ईएसपी हे पार्टिशन एका छोट्या साटा डिस्कवर किंवा चक्क पेन ड्राइव्हवर ठेवायचे, बाकी सारे एनव्हीएमईवर. फर्मवेअर पेन ड्राइव्हवरून ग्रब उठवते, ग्रब तिथूनच कर्नेल उचलतो, आणि कर्नेल उठले की पुढचे त्याला जमते.

लॅपटॉपवर याच्या उलट प्रकार दिसतो. फर्मवेअरला डिस्क दिसते, पण लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून पाहिले तर यादीत ती नसते. अशा वेळी फर्मवेअरमध्ये साठवणीचा मोड 'रेड' किंवा इंटेलचा 'आरएसटी' असा ठेवलेला असतो. तो 'एएचसीआय' केला की डिस्क प्रकटते. त्याच मशीनवर विंडोज असेल तर मोड बदलण्यापूर्वी विंडोजला सेफ मोडमध्ये उठायला सांगून ठेवावे लागते, नाहीतर एक कोडे सुटून दुसरे उभे राहते.

फर्मवेअरला डिस्क दिसते आणि तरी बूट होत नाही, तेव्हा बूटलोडर कुठे राहतो हे समजून घ्यावे लागते. बायोसच्या व्यवस्थेत डिस्कचा पहिला सेक्टर, ५१२ बाइटांचा, सगळ्याचे मूळ असतो. त्यातले ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या कोष्टकासाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी. ही रचना १९८३ सालच्या पीसी डॉसपासून चालत आली आहे. ४४६ बाइटांत ग्रब मावत नाही, म्हणून त्याचा मोठा भाग त्या सेक्टरच्या मागे, पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या रिकाम्या जागेत ठेवलेला असतो. या दोन्ही जागा कोणत्याही पार्टिशनमध्ये येत नाहीत. ज्याने फक्त पार्टिशने कॉपी केली किंवा आरसिंकने फाइली उतरवल्या, त्याच्या नव्या डिस्कवर घर सगळे आले आणि ग्रब तेवढा मागे राहिला.

डिस्कवर जीपीटी पद्धतीचे कोष्टक असेल आणि मशीन बायोस पद्धतीने उठवायचे असेल, तर ती रिकामी जागा उरत नाही. मग ग्रबसाठी एक मेगाबाइटचे वेगळे पार्टिशन राखावे लागते. त्या प्रकारच्या पार्टिशनचा ओळखक्रमांक अक्षरांत वाचला तर त्यातून 'हा! मला ईएफआयची गरज नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य निघते. ही गंमत जाणणारेही ते पार्टिशन बनवायला विसरतात, आणि ग्रब बसवताना येणारी तक्रार न वाचता पुढे जातात.

यूईएफआयची व्यवस्था पाहायला अधिक स्वच्छ आहे. डिस्कवर फॅट फाइल सिस्टिमचे ईएसपी नावाचे पार्टिशन असते, त्यात ईएफआय फोल्डर आणि त्याच्या आत प्रत्येक सिस्टिमचे आपले फोल्डर: उबुंटू, डेबियन, फेडोरा. बूटलोडर ही तिथली साधी फाइल. ती साध्या कॉपीने येते, म्हणून इथे अडचण यायला नको असे वाटते. अडचण दुसरीकडे असते. कोणती फाइल उचलायची याची नोंद डिस्कवर नसून मदरबोर्डच्या कायम मेमरीत असते, आणि त्या नोंदीत ईएसपी पार्टिशनचा अद्वितीय क्रमांक लिहिलेला असतो. नव्या डिस्कवर पार्टिशन नव्याने बनवले की क्रमांक बदलतो आणि नोंद पोरकी होते. काही फर्मवेअर तर डिस्क काढल्याचे पाहून नोंद स्वतःच पुसून टाकतात. ईएफआयबूटएमजीआर या साधनाने नोंदी वाचता येतात, नवी घालता येते. शिवाय यूईएफआयच्या नियमात एक पळवाट आहे. नोंद नसलेल्या डिस्कवर फर्मवेअर 'ईएफआय' फोल्डरमधल्या 'बूट' फोल्डरमध्ये 'बूटएक्स६४' नावाची फाइल शोधते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स उठते ते याच वाटेने. नव्या डिस्कवर ग्रब बसवताना 'रिमूव्हेबल' हा पर्याय दिला की ग्रबची प्रत त्या जागी जाते, आणि विसराळू फर्मवेअरच्या मशीनवर हा पर्याय नेहमीच द्यावा.

सिक्युअर बूट चालू असेल तर आणखी एक पहारेकरी येतो. फर्मवेअर फक्त सही असलेला बूटलोडर चालू देते. मोठ्या लिनक्स वितरणांजवळ मायक्रोसॉफ्टची सही असलेली शिम नावाची छोटी फाइल असते. ती आधी उठते आणि मग ग्रबला उठवते. घाईत नुसता ग्रब बसवला, शिम राहिली, तर पडद्यावर सुरक्षेच्या उल्लंघनाचा संदेश येतो. तपासापुरते सिक्युअर बूट बंद करून पाहण्याने संशयितांची यादी पटकन लहान होते.

ग्रबपर्यंत पोचलेल्या मशीनकडे पाहून काम करणाऱ्याला बरे वाटते, कारण इथून पुढे हाताने चालवता येते. प्रॉम्प्ट दोन प्रकारचे असतात. 'ग्रब रेस्क्यू' म्हणजे ग्रबला आपले मॉड्यूल ठेवलेले फोल्डरही मिळालेले नाही. त्याच्या वर 'नो सच डिव्हाइस' आणि एक लांबलचक क्रमांक छापलेला असेल, तर तो जुन्या फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा अद्वितीय ओळखक्रमांक असतो. ग्रब अजून तिलाच शोधतो आहे. साधा 'ग्रब' प्रॉम्प्ट म्हणजे मॉड्यूल आहेत, मेनूची फाइल तेवढी नाही. यूईएफआय मशीनवर सही केलेल्या ग्रबच्या पोटात बरेचसे मॉड्यूल आधीच भरलेले असतात, त्यामुळे तिथे बहुधा हाच दिसतो.

दोन्ही ठिकाणी 'एलएस' आज्ञा दिली की ग्रबला दिसणाऱ्या डिस्क आणि पार्टिशनांची यादी येते. डिस्कची मोजणी शून्यापासून आणि पार्टिशनांची एकापासून, हे ध्यानात ठेवावे. जुन्या ग्रबमध्ये पार्टिशनेही शून्यापासून मोजली जात, आणि जुन्या लेखांतले उतारे वाचून अजून लोक फसतात. एकेक पार्टिशन उघडून 'बूट' फोल्डर कुठे आहे ते पाहायचे, 'प्रीफिक्स' आणि 'रूट' या दोन चलांना तो पत्ता द्यायचा, 'नॉर्मल' हे मॉड्यूल चढवायचे आणि 'नॉर्मल' असे म्हणायचे. मेनू समोर येतो. हे त्या एका वेळेपुरतेच असते, कायमची दुरुस्ती आत गेल्यावर करायची असते. पण आत जाता आले म्हणजे निम्मे काम झाले.

यूयूआयडी लिहिलेली एक जागा अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. उबुंटू आणि डेबियनवर ईएसपीतल्या त्यांच्या फोल्डरमध्ये ग्रबची तीन ओळींची एक चिमुकली फाइल असते. ती फक्त एवढेच सांगते की अमुक यूयूआयडीची फाइल सिस्टिम शोध आणि तिथली मोठी मेनूची फाइल वाच. मोठी फाइल नव्याने बनवली, एफएसटॅब सुधारला, सगळे बरोबर केले, तरी ही चिमुकली जुनाच क्रमांक बोलत राहते. ग्रब नव्याने बसवला की ती पुन्हा लिहिली जाते, नुसता मेनू अद्ययावत केल्याने नाही.

पुढचा अडथळा इनिटरॅमएफएसचा, आणि डिस्क बदलण्याच्या प्रकरणांत तो सर्वांत शिकवणारा. डेबियन-उबुंटूवर संदेश येतो की मूळ फाइल सिस्टिमची वाट पाहून थकलो, अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही, आता शेलमध्ये सोडतो. संदेशातच नेहमीची कारणेही छापलेली असतात: कर्नेलला दिलेली ओळ तपासा, थांबण्याची मुदत तपासा, मॉड्यूल कमी असतील तर पाहा. इतका प्रामाणिक त्रुटीचा संदेश क्वचित पाहायला मिळतो, आणि तितक्याच क्वचित तो कुणी वाचतो.

इथे दोन शक्यता वेगळ्या काढायच्या असतात. पहिली, मागितलेला यूयूआयडी जुना आहे. दुसरी, यूयूआयडी बरोबर आहे पण डिस्कच दिसत नाही, कारण तिचा ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये नाही. त्या तुटपुंज्या शेलमध्ये 'बीएलकेआयडी' ही आज्ञा दिली की निकाल लागतो. यादीत नवी डिस्क आणि तिचे क्रमांक आले तर पहिली शक्यता खरी. यादी रिकामी आली तर दुसरी. पहिल्या वेळी ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून कर्नेलच्या ओळीतला क्रमांक बदलून मशीन उठवता येते. दुसऱ्या वेळी 'मॉडप्रोब' ने एनव्हीएमईचे मॉड्यूल मागून पाहायचे. असेल तर डिस्क उगवते आणि शेलमधून 'एक्झिट' म्हटले की बूट पुढे सरकते.

ड्रायव्हर नसण्याचे कारण काटकसर. फेडोरा आणि तिच्या कुळातल्या सिस्टिमवर ड्रॅकट हे साधन इनिटरॅमएफएस बनवते, आणि ते त्या क्षणी मशीनमध्ये जे हार्डवेअर आहे त्यापुरतेच ड्रायव्हर भरते. साटा हार्ड डिस्क असताना बनवलेल्या प्रतीत एनव्हीएमई कशाला असेल? डेबियन-उबुंटूवर मूळ सेटिंग 'बहुतेक सगळे भरा' असे असते, म्हणून तिथे हा त्रास कमी. कुणी जागा वाचवायला ते बदलले असेल तर तिथेही येतो. फेडोराने याची सोयही केलेली आहे. बूट मेनूच्या तळाशी 'रेस्क्यू' नावाची नोंद असते आणि तिच्या इनिटरॅमएफएसमध्ये सर्व प्रकारचे ड्रायव्हर असतात. त्या नोंदीवरून मशीन उठवायचे आणि ड्रॅकटला सगळ्या कर्नेलांसाठी नव्या प्रती बनवायला सांगायचे, एवढ्यावर काम होते. इतकी सोपी वाट समोर असताना लोक सिस्टिम पुसून पुन्हा इन्स्टॉल करतात, हे पाहून वाईट वाटते.

मूळ फाइल सिस्टिम जोडली गेली की उरतो एफएसटॅब. फार जुन्या सिस्टिमवर त्यात पार्टिशनांची नावे एसडीए-१, एसडीए-२ अशी लिहिलेली असतात. एनव्हीएमई डिस्कचे नाव त्या साच्यात बसतच नाही, त्यामुळे तिथे अपयश पहिल्या फटक्यात कळते. यूयूआयडी लिहिलेले असतील तर सिस्टमडी ते पार्टिशन येण्याची ९० सेकंद वाट पाहते. पडद्यावर एक तांबडा पट्टा इकडून तिकडे फिरतो, आणि मग इमर्जन्सी मोड. दोष बहुधा एखाद्या अशा ओळीत असतो जिच्यावाचून काही अडत नव्हते: काढून टाकलेल्या डिस्कवरचे फोटो ठेवायचे पार्टिशन. अशा ओळींत 'नोफेल' हा शब्द आधीपासून लिहिला असता तर मशीन उठले असते. रूट खाते कुलूपबंद असलेल्या सिस्टिमवर इमर्जन्सी मोडही आत घेत नाही. मग लाइव्ह पेन ड्राइव्हच काढावा लागतो.

स्वॅपचा एक धागा राहतो. डेबियन-उबुंटूवर हायबरनेशनसाठी 'रिझ्यूम' नावाच्या फाइलीत स्वॅपचा यूयूआयडी लिहिलेला असतो आणि तो इनिटरॅमएफएसमध्ये जातो. तो जुना राहिला तर मशीन उठते, पण दर वेळी सुमारे अर्धा मिनिट उगाच थांबून. नवी एसएसडी घेऊनही बूट हळू होते अशी तक्रार आली की ही फाइल आधी पाहावी.

कायमची दुरुस्ती लाइव्ह पेन ड्राइव्हवरून होते. तो पेन ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने उठला आहे हे आधी तपासणे भाग आहे, कारण बायोस पद्धतीने उठलेल्या लाइव्ह सिस्टिममधून यूईएफआयची नोंद लिहिता येत नाही. 'सिस' फोल्डरमधल्या 'फर्मवेअर'च्या आत 'ईएफआय' फोल्डर असेल तर पद्धत यूईएफआय, नसेल तर बायोस. मग नव्या डिस्कचे मूळ पार्टिशन जोडायचे, वेगळे 'बूट' पार्टिशन असेल तर ते, त्यावर ईएसपी, आणि लाइव्ह सिस्टिमचे 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' आणि 'रन' हे फोल्डर आत बांधून घ्यायचे. त्यानंतर सीएचरूट. आता दिल्या जाणाऱ्या आज्ञा नव्या डिस्कवरच्या सिस्टिमला लागू होतात. वेगळे 'बूट' पार्टिशन जोडायचे राहिले तर सगळ्या आज्ञा यशस्वी झाल्यासारख्या दिसतात, आणि नवे इनिटरॅमएफएस मूळ पार्टिशनवरच्या रिकाम्या 'बूट' फोल्डरमध्ये जाऊन पडते, जिथे ग्रब कधी बघणार नाही.

क्रम असा चांगला: आधी एफएसटॅब आणि रिझ्यूम, डिस्कवर एन्क्रिप्शन असेल तर क्रिप्टटॅबही, मग इनिटरॅमएफएस, कारण ते बनवणारी साधने या फाइली वाचतात, मग ग्रब बसवणे, शेवटी मेनू, कारण तो 'बूट' फोल्डरमध्ये सापडलेल्या प्रती पाहून तयार होतो. फेडोरावर यूईएफआय मशीनसाठी ग्रब बसवण्याची आज्ञा वापरायची नसते, त्याऐवजी ग्रब आणि शिमची पॅकेजेस पुन्हा बसवतात. तिथे कर्नेलची ओळ प्रत्येक कर्नेलच्या वेगळ्या नोंदीत असते आणि ग्रबी या साधनाने ती बदलावी लागते.

डेटा कसा उतरवला यावरही पुष्कळ अवलंबून असते. डीडीने डिस्क बाइटन् बाइट उतरवली तर यूयूआयडीही तेच येतात, आणि वरच्यापैकी बऱ्याच अडचणी टळतात. पण जुनी डिस्क आजारी असेल तर डीडी वाचनातल्या पहिल्या चुकीला थांबते. अशा वेळी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतात. आरसिंकने उतरवताना 'प्रॉक', 'सिस', 'डेव्ह' हे फोल्डर वगळले जातात, ते योग्यच. मात्र नव्या डिस्कवर त्या नावांचे रिकामे फोल्डर तरी हवेत, नाहीतर कर्नेलला आपल्या गोष्टी जोडायला जागा मिळत नाही. फेडोरावर एसईलिनक्सच्या खुणा कॉपीत हरवल्या असतील तर मशीन उठते आणि लॉगिन होत नाही. मूळ फोल्डरमध्ये 'ऑटोरीलेबल' नावाची रिकामी फाइल, नावाच्या आधी टिंब देऊन, ठेवली की पुढच्या बूटला त्या खुणा नव्याने लावल्या जातात.

यूएसबी डॉकमध्ये डिस्क लावून कॉपी करणाऱ्यांना एक विलक्षण प्रकार भेटतो. काही डॉक मोठ्या डिस्कचा सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटांचा असल्याचे कॉम्प्युटरला भासवतात. पार्टिशनांचे कोष्टक त्या मापाने लिहिले जाते. डिस्क डॉकमधून काढून आत साटा केबलला लावली की माप बदलते, आणि सगळे आकडे आठपटीने चुकतात. डिस्क कोरी दिसते, पुन्हा डॉकमध्ये लावली की सगळे जागच्या जागी. पार्टिशने बनवण्याचे काम डिस्क जिथे राहणार आहे तिथेच लावून करावे.

डीडीच्या प्रतीचा धोका वेगळा आहे. दोन्ही डिस्क एकाच मशीनमध्ये राहिल्या तर एकाच यूयूआयडीचे दोन दावेदार होतात. एक्सएफएस दुसरी प्रत जोडायला स्पष्ट नकार देते. बीटीआरएफएस गोंधळते आणि डेटा खराब होऊ शकतो, म्हणून तिथे दोन्ही डिस्क एकत्र ठेवूच नयेत. ईएक्सटी-४ काहीच बोलत नाही, आणि तिचे गप्प राहणे फसवे. मशीन व्यवस्थित उठते, सगळे खूश होतात, आणि प्रत्यक्षात मूळ फाइल सिस्टिम जुन्या हार्ड डिस्कवरचीच चालू असते, किंवा ग्रब जुनीवरून आणि बाकी नवीवरून. महिन्याभराने कुणी जुनी डिस्क फॉरमॅट करते तेव्हा हे उघडकीस येते. 'फाइंडएमएनटी' आज्ञेने मूळ फाइल सिस्टिम कोणत्या डिस्कवर आहे ते कळते. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे मशीन बंद करून जुनी डिस्क केबलसकट काढायची आणि मग उठते का पाहायचे. उठले की जुनी डिस्क न पुसता कपाटात ठेवावी, निदान एखादे कर्नेल अपडेट होऊन मशीन पुन्हा नीट सुरू होईपर्यंत.

बायोस पद्धतीच्या डेबियन-उबुंटूवर त्यानंतरही एक जुनी नोंद शिल्लक राहते. ग्रबचे अपडेट आले की तो कोणत्या डिस्कवर बसवायचा हे पॅकेज व्यवस्थेने इन्स्टॉलच्या वेळीच टिपून ठेवलेले असते, डिस्कच्या मॉडेल आणि सिरीयल क्रमांकासह. डिस्क बदलली तरी ती नोंद बदलत नाही. मग एखाद्या अपडेटमध्ये फोल्डरमधले मॉड्यूल नवे होतात आणि डिस्कच्या सुरुवातीचा गाभा जुनाच राहतो. जुलै २०२० मध्ये ग्रबमधली बूटहोल ही त्रुटी बुजवणारे अपडेट आले, तेव्हा असंख्य मशीन याच कारणाने 'ग्रब कॅलॉक' हे चिन्ह सापडत नाही असे म्हणत रेस्क्यू प्रॉम्प्टवर थांबली. कित्येकांची डिस्क त्याच्या बरीच आधी बदललेली होती. 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर' ही आज्ञा 'ग्रब-पीसी' या पॅकेजसाठी चालवली की डिस्कांची यादी समोर येते, आणि तिच्यात नव्या डिस्कपुढे खूण करता येते.